निष्कर्षाला त्याचं गाव विचारा

शहाद्याकडच्या एका महाविद्यालयात नुकतेच रुजू झालेले मानसशास्त्राचे तरुण सहकारी विचारतात: नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) तयारी सुरू आहे आणि प्राचार्यांनी सांगितलंय की विषयाला आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन द्या. पण टीवायचं (पदवीच्या तिसऱ्या वर्षाचं) संदर्भपुस्तक मुळातच अमेरिकन. वर्गातली निम्मी मुलं घरी अहिराणी बोलतात, काही पावरी. त्यांना मिशेल, फेस्टिंजर, एन्सवर्थ शिकवतोच आहोत, मग आणखी आंतरराष्ट्रीय ते काय करायचं? बाहेरच्या विद्यापीठांत हा विषय कसा शिकवतात आणि त्यातलं आपल्याकडे काय चालेल?

सर, पुस्तक अमेरिकन असण्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पुस्तक ही गोष्ट लपवतं म्हणून. "मुलं असं वागतात", "माणसं असा विचार करतात" अशी वाक्यं त्यात असतात, आणि ती मुलं नि ती माणसं कुठली हे तळटीपेतसुद्धा नसतं. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या सहा प्रमुख नियतकालिकांतले पाच वर्षांचे लेख तपासले. त्यातले ६८ टक्के प्रयुक्त (ज्यांच्यावर अभ्यास होतो ती माणसं) एकट्या अमेरिकेतले निघाले. युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे धरले की आकडा ९६ टक्क्यांवर जातो, आणि हे सगळे देश मिळून जगाच्या लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के. दोन वर्षांनी हेनरिक, हाइने आणि नोरेन्झायान यांनी याच मुद्द्यावर मोठा लेख लिहिला आणि जगभरच्या विभागांत चर्चा सुरू झाली. हे प्रयुक्त येतात कुठून, तेही मुलांना सांगा. अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये बऱ्याच विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठरावीक तास कोणाच्या तरी संशोधनात प्रयुक्त म्हणून बसावं लागतं, त्याचे क्रेडिट मिळतात. म्हणजे पुस्तकातला "माणूस" पुष्कळदा क्रेडिट मिळवायला आलेला एकोणीस वर्षांचा मानसशास्त्राचा विद्यार्थी असतो. हे ऐकून वर्ग हसतो. हसू द्या, लक्षात राहतं.

आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस नावाच्या आधी गाव विचारतो. गाव कळलं की पुढचं बोलणं त्या बेताने होतं. माझ्या वर्गात प्रत्येक अभ्यासाला हेच विचारायचा नियम होता. माणसं कुठली होती, किती होती, वय काय, त्यांना पैसे मिळाले की गुण, प्रश्न कोणत्या भाषेत विचारला, आणि हाच प्रयोग दुसऱ्या गावी कोणी करून पाहिला का? आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन म्हणून मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. त्यासाठी वेगळा पेपर लागत नाही, "भारतीय संदर्भ" नावाचं शेवटचं प्रकरणही लागत नाही. ते प्रकरण वर्ष संपताना येतं आणि परीक्षेला पाच गुणांची टीप होऊन बसतं.

आता उदाहरण घेऊ, म्हणजे नुसता उपदेश वाटणार नाही. मिशेलचा मार्शमॅलोचा प्रयोग सगळ्यांना पाठ असतो. मुलासमोर एक गोड पदार्थ ठेवायचा, थांबलास तर दोन मिळतील म्हणायचं, आणि निघून जायचं. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात वगैरे चांगली निघाली, असा निष्कर्ष पुस्तकात छापलेला आणि प्रेरणादायी व्याख्यानांतून घासून गुळगुळीत झालेला. आता गाव विचारा. मूळ मुलं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली, म्हणजे बहुतेक प्राध्यापकांची आणि तिथल्या विद्यार्थ्यांची. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी अमेरिकेतल्याच, पण कमी शिकलेल्या आयांच्या मुलांसह मोठ्या नमुन्यावर तो दुवा पुन्हा तपासला. तो मूळच्या निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी बराच आटला. म्हणजे ज्याला आपण मुलाचा संयम म्हणत होतो त्यात घरच्या डब्यात उद्या काही असेल की नाही याचा भाग होता.

मग देश बदला. बेटिना लाम आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग जर्मनीतल्या मध्यमवर्गीय चार वर्षांच्या मुलांवर आणि कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतल्या मुलांवर केला. जर्मन मुलांपैकी जेमतेम २८ टक्के शेवटपर्यंत थांबली, न्सो मुलांपैकी जवळजवळ ७० टक्के. न्सो घरांत लहानपणापासून मोठ्यांचं ऐकणं, गप्प बसणं, भावना आवरणं याचं वळण असतं. जर्मन आया मुलाच्या इच्छेला विचारतात, त्याला निवडू देतात. कोणतं वळण चांगलं हा प्रश्न तिथे विचारूच नका, वर्ग लगेच दोन गटांत भांडू लागतो आणि तास संपतो. पुढे २०२२ मध्ये जपानी आणि अमेरिकन मुलांची तुलना प्रसिद्ध झाली, ती मला सगळ्यांत आवडते. खाऊसाठी जपानी मुलं जास्त थांबली, पण कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी अमेरिकन मुलं जास्त थांबली. जपानात सगळ्यांची ताटं वाढली जाईपर्यंत जेवायला सुरुवात करत नाहीत. अमेरिकेत वाढदिवसाच्या नि नाताळच्या भेटी वेळ येईपर्यंत उघडायच्या नसतात. ज्या गोष्टीसाठी थांबायची घरात सवय, तिथे मूल थांबतं.

इथे आल्यावर वर्गाला विचारा, आपल्याकडे मूल कशासाठी थांबतं? उत्तरं आपोआप येतात. कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे प्रसादाला, नैवेद्य दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तीन वर्षांच्या पोराला माहीत असतं. पाहुणे जेवल्याशिवाय बसायचं नाही. पण गुंडाळलेली भेटवस्तू? ती आपल्याकडे पूर्वी फार नव्हती, आता वाढदिवसाला केक आला तशी तीही आली. मग जळगाव शहरातलं मूल आणि धडगावकडच्या पाड्यावरचं मूल यांच्यात फरक दिसेल का, दिसला तर कशात, खाऊत की भेटीत? हा टीवायच्या प्रकल्पाचा विषय झाला. साहित्य म्हणजे दोन लाडू, रंगीत कागदातली एक शिटी नि मोबाइलमधलं घड्याळ. आणि निकाल काहीही लागला तरी तो कामाचा, कारण तो इथल्या मुलांवर कोणी काढलेला नाही.

दुसरं उदाहरण जरा जड आहे, पण खान्देशात मानसशास्त्र शिकवणाऱ्याने ते टाळू नये असं माझं मत आहे.

फेस्टिंजरचा बोधनिक विसंवादाचा (कॉग्निटिव्ह डिसोनन्स) सिद्धांत १९५७ चा: मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनात तर माणूस त्या जुळवून घेतो. पुस्तकात तो अमेरिकन प्रयोगांनी शिकवतात: कंटाळवाणं काम मजेशीर होतं असं सांगायला कोणाला एक डॉलर, कोणाला वीस डॉलर. पण फेस्टिंजरने स्वतः लिहून ठेवलंय की हा विचार त्याला सुचला तो भारतातल्या एका अभ्यासावरून. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. पाटण्याचे जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या आणि १९३५ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. धक्का जाणवला पण नुकसान झालं नाही अशा भागात अफवा होत्या त्या याहून भयंकर संकटाच्या: आता महापूर येणार, अमुक दिवशी प्रलय होणार. फेस्टिंजरला प्रश्न पडला की आधीच घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्याचं उत्तर असं की त्या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, मनात असलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. घाबरलोय तर खरा, पण आजूबाजूला काही पडलेलं नाही. मग घाबरण्याजोगं काही तरी येणार असलंच पाहिजे. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या भूस्खलनानंतर तिथल्या अफवा अभ्यासल्या, ते १९५२ मध्ये छापून आलं. तिथे माणसांनी प्रत्यक्ष विध्वंस पाहिलेला होता, आणि पुढच्या मोठ्या संकटाच्या अफवा तिथे नव्हत्या. भीतीला कारण समोर होतं, नवीन शोधायची गरज नव्हती.

जगभरच्या पुस्तकात असलेल्या सिद्धांताच्या मुळाशी पाटणा आणि दार्जिलिंग आहे, हे टीवायच्या मुलांना सांगितल्यावर त्यांच्या बसण्यात फरक पडतो. "परदेशी सिद्धांत, आपला काय संबंध" हे वाक्य पुन्हा ऐकू येत नाही. (जाता जाता: कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९१६ मध्ये सुरू झाला, हार्वर्डमध्ये शिकून आलेल्या नरेंद्रनाथ सेनगुप्तांकडे तो होता. आपल्या अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिरही १९१६ चंच. विषय आपल्याकडे काल आलेला नाही.)

यानंतर मी राईनपाड्यावर येत असे. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या या गावात मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी फिरणारे ते लोक होते. मोबाइलवर अफवा आधीपासून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. वर्गात प्रसाद, सिन्हा आणि फेस्टिंजर झालेले असतील तर मुलं स्वतःच विचारतात की तेव्हा लोकांच्या मनात आधीपासून कसली भीती होती. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ मध्ये म्हटलं होतं की अफवेचा जोर विषयाचं महत्त्व गुणिले माहितीची संदिग्धता एवढा असतो. मूल हा विषय महत्त्वाचा, आणि अनोळखी माणूस कोण हे संदिग्ध. सूत्र लागू पडतं.

पण इथे थांबू नका. सूत्र सगळं सांगत नाही. संशय त्याच माणसांवर का गेला? गावात त्या दिवशी इतरही परके असतील. भटक्या समाजांकडे संशयाने बघायची जुनी सवय कुठल्याही अफवेच्या सूत्रात बसत नाही. त्यासाठी समाजशास्त्राच्या सहकाऱ्याला एक तास बोलवा. आणि दोन पथ्यं कडक पाळा. व्हिडिओ दाखवायचा नाही, कोणी फोनवर काढला तरी बंद करायला लावायचा. आणि त्या भागातला विद्यार्थी वर्गात असेल तर त्याच्याकडून काही वदवून घ्यायचं नाही. त्याला बोलायचं असेल तर तो तासानंतर येतो.

आता उलट बाजू. "सगळं संस्कृतीवर अवलंबून असतं" असं शिकवायला लागलो की तीही एक घोकंपट्टी होते. म्युलर-लायरचा दृष्टिभ्रम घ्या: टोकांना आत किंवा बाहेर वळलेले बाण असले की सारख्या रेषा लहान-मोठ्या दिसतात. प्रात्यक्षिकात हा सगळ्यांना असतो, लाकडी पट्टीचं ते उपकरण तुमच्याही कपाटात असेल. सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोवित्स यांनी १९६६ मध्ये दाखवलं की हा भ्रम सगळीकडे सारखा होत नाही. अमेरिकन विद्यार्थ्यांना एक रेषा दुसरीपेक्षा सुमारे पाचवा हिस्सा लांब असेल तेव्हा दोन्ही सारख्या वाटतात, तर आफ्रिकेतल्या सान शिकारी लोकांना जवळजवळ भ्रमच होत नाही. स्पष्टीकरण असं दिलं गेलं की कोपरे असलेल्या घरांत राहणाऱ्यांचा डोळा तसा घडतो. मुलांना हे फार पटतं, कारण गोल झोपडी आणि चौकोनी खोली यांचं चित्र डोळ्यासमोर येतं. मग त्यांना प्रोजेक्ट प्रकाशविषयी सांगा. एमआयटीचे पवन सिन्हा आणि सहकारी भारतात जन्मजात मोतीबिंदूमुळे अंध असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करवून घेतात. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की नुकतीच दृष्टी आलेल्या अशा मुलांना हा भ्रम लगेचच झाला. आयुष्यात कोपरे पाहायला वेळच मिळाला नव्हता, तरी झाला. मासे आणि कबुतरांनाही असा भ्रम होतो असे प्रयोग आहेत. मग सानांचं काय? वाद अजून मिटलेला नाही, आणि वर्गात तो मिटवूही नका. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये "निष्कर्ष" या मथळ्याखाली सगळ्यांचं एकच वाक्य असतं ना, पहिल्या बॅचपासून उतरवलेलं? त्याजागी या दोन पुराव्यांना धरून अर्धं पान लिहायला लावा. बाह्य परीक्षकाला आधी सांगून ठेवा, नाही तर गुण कापले जातात.

हाच धोका "आपली संस्कृती समूहनिष्ठ, पश्चिमेची व्यक्तिनिष्ठ" या वाक्यात आहे. गाइडमध्ये ते छापलेलं असतं म्हणून मुलं कुठल्याही उत्तराच्या शेवटी ते जोडतात. त्याऐवजी जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास नीट शिकवा. शिकागो आणि म्हैसूर इथल्या लोकांना त्यांनी प्रसंगांची कारणं विचारली. त्यातला एक प्रसंग भारतातलाच: मोटरसायकल चालवणाऱ्या वकिलाच्या मागे बसलेला माणूस पडून जखमी होतो, वकील त्याला दवाखान्यात सोडून कोर्टात जातो, आणि तो माणूस दगावतो. अमेरिकन प्रौढ म्हणाले, वकील बेजबाबदार आहे. म्हैसूरचे लोक जास्त करून परिस्थितीकडे बोट दाखवत होते: कोर्टात जाणं त्याचं कर्तव्य होतं, जखम किती गंभीर आहे हे कळलं नसेल. आणि यातला सगळ्यांत महत्त्वाचा निकाल गाइडमध्ये कधीच नसतो. आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांमध्ये दोन्ही देशांत फारसा फरक नव्हता. फरक वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे "भारतीय मन" नावाची वस्तू जन्मतः मिळत नाही, ती शिकली जाते. प्रसंग इथला घालून हाच प्रयोग करता येतो. चोपड्याहून जळगावला जाणारी गाडी, शेतातून परतणारी मजूर बाई, काहीही. फक्त शहरातल्या आणि खेड्यातल्या दोन्ही मुलांची उत्तरं घ्या, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांची वेगळी. खान्देशातच किती प्रकारची गुणारोपणं (वागण्यामागची कारणं लावायच्या रीती) आहेत ते दिसेल, आणि "भारतीय" असं एकगठ्ठा बोलायची हिंमत कोणी करणार नाही.

चाचण्यांबद्दल थोडक्यात, पण कडकपणे. परदेशी चाचणी मराठीत आणली म्हणजे ती आपली झाली असं नाही. मानकं (ज्या सरासरीशी गुण ताडून पाहतात ती) कुठली नि कधीची हे पाहा. बिनेच्या कसोटीचं कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी केलेलं रूप १९३० च्या दशकातलं, भाटियांचा कृतिकसोटी संच १९५५ चा. दोन्ही मोठी कामं होती आणि इतिहास म्हणून शिकवायलाच हवीत. पण जुन्या मानकांवर आजचं मूल मोजलं की बुध्यंक फुगलेला येतो, कारण दर पिढीला सरासरी गुण वाढत गेले आहेत. फ्लिन यांनी हे अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवलं. प्रात्यक्षिकात बुध्यंक काढून तो विद्यार्थ्याला किंवा पालकांना सांगणं बंद करा. आणि पीएचक्यू-९ सारखी नैराश्याची प्रश्नावली वर्गात वाटून "भरा आणि बेरीज करा" हे तर अजिबात नको. तिचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. चाळीस मुलांत कोणी तरी त्यावर खूण करतो, आणि मग तुमच्याकडे त्या संध्याकाळी काय व्यवस्था आहे? परदेशातल्या विभागांत असा प्रश्न असलेलं संशोधन नीतिसमितीकडून जातं आणि मदत कुठे मिळेल हे आधी ठरलेलं असतं. आपल्याकडे निदान टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक प्रयोगशाळेच्या दारावर लावा. तो निःशुल्क आहे, मराठीत बोलता येतं.

बाहेर कसं शिकवतात, हा तुमचा थेट प्रश्न. सगळीकडे एकसारखं नाही, आणि सगळं घेण्याजोगंही नाही. मास्ट्रिख्टमध्ये दहा-बारा जणांचा गट एका समस्येभोवती बसतो, शिक्षक फक्त दिशा धरून ठेवतो. ऐंशी मुलांच्या वर्गात आणि निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर असताना हे जसंच्या तसं होणार नाही. पण महिन्यातून एक तास तसा घेता येतो, आणि मुलं तयारी करून येतात. ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त पदवीसाठी शेवटच्या वर्षी प्रत्येकाने स्वतः आधारसामग्री (डेटा) गोळा करून प्रकल्प करावाच लागतो. हे मात्र घ्याच. नव्या शैक्षणिक धोरणाखालच्या चौथ्या वर्षात संशोधन आलेलंच आहे, त्याचा कॉपी-पेस्टचा कारखाना होऊ द्यायचा नसेल तर विषय लहान ठेवा. तिसरी घेण्याजोगी गोष्ट म्हणजे आधी नोंदणी: प्रयोग करण्यापूर्वी गृहीतक, नमुना आणि विश्लेषण लिहून तारखेसह जमा करायचं. २०१५ मध्ये शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत निकाल सार्थ (निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही असा) होता, पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच आला. तेव्हापासून चांगले विभाग या सवयीचा आग्रह धरतात. तुम्हाला त्यासाठी संकेतस्थळही नको. विभागाच्या आवक रजिस्टरमध्ये शिक्का मारून ठेवा, पुरे.

आणि एक दार उघडं आहे ते फार कमी जणांना माहीत असतं. सायकॉलॉजिकल सायन्स ॲक्सेलरेटर नावाचं प्रयोगशाळांचं जाळं २०१७ पासून आहे. एकच प्रयोग अनेक देशांत एकाच पद्धतीने करतात, आणि लहान महाविद्यालयाचा विभागही त्यात सामील होऊ शकतो. नॅकच्या फाइलमध्ये सामंजस्य कराराच्या फोटोपेक्षा हे वजनदार दिसेल.

विद्यार्थी विचारतील, परदेशात जाता येईल का, तर त्यांना पदव्यांचा घोळ आधीच समजावून द्या. मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचा परवाना प्रत्येक देशात वेगळ्या टप्प्यावर मिळतो. ब्राझीलमध्ये हा व्यवसाय १९६२ पासून कायद्याने बांधलेला आहे आणि पाच वर्षांची पदवी हीच व्यावसायिक पदवी. युरोपच्या युरोसाय प्रमाणपत्राला पाच वर्षांचं शिक्षण आणि वर भर म्हणून एक वर्ष देखरेखीखालचं काम लागतं. जर्मनीने मानसोपचाराचा कायदा बदलून २०२० पासून नवी वाट काढली. जपानची राष्ट्रीय परवाना परीक्षा पहिल्यांदा २०१८ मध्ये झाली. आणि आपल्याकडे नुसतं एमए करून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशी पाटी लावता येत नाही, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी तशा पाट्या दिसतात म्हणून मुद्दाम लिहिलं. टीवायच्या पहिल्या महिन्यातच हे फळ्यावर काढा, एमए झाल्यावर कळून उपयोग नसतो.

भाषेचं म्हणाल तर मी फार सोपा उपाय करत असे. मूळ इंग्रजी लेख पूर्ण वाचायला द्यायचाच नाही. फक्त पद्धतीचा भाग आणि एक तक्ता द्यायचा. त्यात वाक्यं छोटी असतात, आकडे असतात, आणि गाव तिथेच लिहिलेलं असतं. चर्चा अहिराणीत झाली तरी चालते, लिखाण मराठीत. नंदुरबारकडची मुलं पावरीत आपापसांत बोलून मग उत्तर देतात, त्यांना तेवढा वेळ द्या. गप्प बसलेल्या विद्यार्थ्याला समजलं नाही असं धरून पुढे गेलात तर वर्गातला सगळ्यांत चांगला निरीक्षक हातचा जातो.

पाड्यावर जाऊन प्रयोग करायचे तर संमतीचं नीट बघा. परदेशी नमुन्याचं दोन पानी संमतीपत्र छापून अंगठे घेणं म्हणजे संमती नव्हे. सरांनी सांगितलं म्हणून आईने मान डोलावली, हीदेखील नव्हे. काय करणार, किती वेळ, मुलाला काय खायला देणार आणि नको म्हटलं तर काही बिघडणार नाही, हे तिच्या भाषेत बोलणारा विद्यार्थी सोबत हवा, आणि बोलताना तुम्ही चार पावलं लांब उभे राहा. अंगणवाडी ताईंना आधी भेटा, मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. निकाल लागले की ते परत त्या गावात जाऊन सांगा. आई आणि बाळातल्या ओढीचा अभ्यास करणाऱ्या मेरी एन्सवर्थने युगांडात कम्पालाजवळच्या खेड्यांत आयांच्या घरी महिनोन् महिने बसून निरीक्षण केलं, तेव्हा कुठे बाल्टिमोरची ती प्रसिद्ध खोली आली, जिथे आई बाळाला थोडा वेळ सोडून बाहेर जाते आणि बाळ काय करतं ते पाहतात. पुस्तकात खोलीच शिकवतात, युगांडा गाळतात.

वेळापत्रक मात्र इथलं धरा. आधारसामग्री गोळा करायचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात ठेवू नका. कापूस वेचणी सुरू झाली की निम्मा वर्ग शेतात असतो, आणि दिवाळीनंतर सातपुड्याच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं गुजरातेत कामाला जातात, मुलांसकट. ऑगस्टमध्ये आराखडा, नोंद आणि परवानग्या उरकून घ्या, सप्टेंबरच्या पंधरवड्यात प्रयोग करा. जे पाडे तेव्हा पावसाने तुटलेले असतील ते होळीनंतरच्या फेरीसाठी राखून ठेवा, लोक तेव्हा घरी असतात.